देवरे सरांचा बिनतोंडाचा प्राणी

मंडळी, मागच्यांनी जरा पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मी बाळू. सरांच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला शिपाई. सरांसमोर मी लय बोललो. आज सर नाहीत, म्हणून तुमच्यासमोर बोलतो.

सरांच्या फोटोशेजारी ती खरखरीत, पिंपासारखी वस्तू दिसते ना? मघापासून दोघातिघांनी हळूच विचारलं, बाळूभाऊ, कुंडी रिकामी का ठेवली?

मीही कुंडीच समजलो होतो! नोकरीतली पहिली खंडेनवमी. मायक्रोस्कोपांना हळद-कुंकू लावलं, आणि हिच्यात पाणी ओतून झेंडू खोचले. पाणी काही ठरेना, सगळं टेबल ओलं. तेवढ्यात सर आले. म्हटलं, गेली नोकरी! पण सर हसत खालीच बसले. नामपूरचे ना, हसू आलं की अहिराणीत शिरायचे. म्हणाले, "अरे भाऊ, हाऊ प्राणी शे!"

प्राणी? याला तोंड कुठंय? डोळे? काळीज?

"काहीच नाही," सर म्हणाले. हा समुद्री स्पंज, वाळवलेला. प्रवाळाच्या खडकावर जन्मभर एका जागी बसतो. अंगावरच्या बारीक भोकांतून पाणी आत ओढतो, त्यातलं बारीकसारीक खातो, आणि गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून सोडून देतो. माणूस आत बसेल एवढा वाढतो. शेकडो वर्षं जगतो.

मी म्हटलं, सर, काहीही सांगता!

झालं, सर पेटले. रिटायर झाले तरी दर गुरुवारी द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून स्कूटर काढत यायचे. कशासाठी? मला पटवायला! कधी चित्र आणायचे, कधी चहाची गाळणी पुढे धरायचे. शेवटी अंदमानला गेले. साठी उलटलेला माणूस, समुद्रात उतरला! तिथल्या पाणबुड्याने जिवंत स्पंजच्या बुडाशी हिरवा रंग सोडला, तो आत ओढला गेला आणि वरून धुरासारखा निघाला. सरांनी व्हिडिओ आणला. बघतो तर काय, सगळ्या व्हिडिओत सरांचा अंगठा! मी पोट धरून हसलो. "थांब," सर म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात तुलाच नेतो."

पण मंडळी, आज खरं सांगतो. त्या अंगठ्याच्या कडेने एक हिरवी रेघ वर जाताना मला दिसली होती. मला त्याच दिवशी पटलं होतं. बोललो नाही. पटलं म्हटलं असतं, तर सर पुढच्या गुरुवारी कशाला आले असते?

गेल्या गुरुवारी चहा टाकून वाट बघत होतो. सरांच्या मुलीचा फोन आला. चुकलं माझं. सांगायला हवं होतं.

आता दोन मिनिटं सगळे उभे राहू या. हलायचं नाही, बोलायचं नाही. सरांच्या या प्राण्यासारखं नुसतं थांबू.

सर, नमस्कार करतो. मानलं मी. प्राणीच आहे.