एका हाताचा माग

(जेऊरजवळचं एक घर. खड्ड्यातला माग, त्यावर अर्धं विणलेलं घोंगडं आणि विद्यापीठात संशोधन करणाऱ्या ऋतुजानं बनवून बसवलेलं एक छोटं यंत्र.)

जोतिराम : आगं, तूच बनवलंस, तूच हितं आनून बसवलंस, आन आता तूच पाना घिऊन सोडवाय आलीस व्हय?

ऋतुजा : आबा, मी काय हौसेनं आले का? विद्यापीठानं ह्याचं पेटंट घेतलं, सगळे हक्क एका कंपनीला दिले. ते म्हणतात, बाहेरचा नमुना परत आणा. चाचणीसाठी ठेवलेला हा एकच आहे.

जोतिराम : नमुना! बजा, ऐकलंस का? तुज्या घरात नमुना हाय म्हनं.

बजाबाई : चाळीस वरसं संबाळतीया मी त्यो. पोरीला पानी तरी पिऊ द्या की.

जोतिराम : पी बाई, पी. तुज्यावर न्हाय राग. अंगावरनं वारं गेलं आन डावा हात लाकूड झाला. सहा वरसं ह्या मागावर कोंबड्या बसल्या. मग तू आलीस. म्हनलीस, आबा, उजव्या हातानं फणी ओढा, आडवा दोरा नेणारा धोटा आपसूक उभ्या दोऱ्यातनं पल्याड जाईल. मी म्हनलं, येडी हाय पोरगी. आन गेला की गं!

ऋतुजा : तुम्ही शिवीच दिली होती त्याला.

जोतिराम : आनंदानं दिली.

बजाबाई : आगं, मग कंपनीकडनं एक इकत घेऊ. माजी काळी शेळी हाय, ती इकीन.

ऋतुजा : आजी, ते असला बनवणारच नाहीत. मोठ्या कारखान्यातल्या मागांसाठी करणार, मोटरवरचा. मी मीटिंगमध्ये म्हटलं, एका हाताच्या माणसांसाठी पण काढा. तर हसले. म्हणे, अशी गिऱ्हाईकं किती मिळणार?

बजाबाई : मंजी केलं ह्येंच्यासाटी, आन ह्येंनाच न्हाय.

ऋतुजा : ...आबा, इथली स्प्रिंग कुठंय?

जोतिराम : काढली की. गारठ्यात अडकायची, धोटा आपटायची. शेळीच्या केसाची दोरी वळून घातली. हळू सरकव. बग, कसा मऊ जातोय.

ऋतुजा : अहो, कंपनीचे इंजिनिअर सहा महिने ह्यावरच डोकं फोडतायत! हे मी कळवलं ना, तर संशोधक म्हणून तुमचं नाव लागेल. माझ्या शेजारी.

जोतिराम : आन नाव लागल्यावर ह्यो हितं ऱ्हाईल?

ऋतुजा : नाही.

जोतिराम : तुजं तर हाय नाव. तुज्याकडं तरी हाय का असला एक?

ऋतुजा : मलाही नाही ठेवता येत. फोटो आहे मोबाईलमध्ये.

जोतिराम : लई वाटतं का गं, आसावा म्हनून?

ऋतुजा : लॅबमध्ये त्याचं टेबल रिकामं आहे. जाता-येता हात जातो तिकडं.

जोतिराम : हं. मग तुजं-माजं सारकंच. दोरीचं कळीव त्यांस्नी. कुनाचा का आसंना, धोटा तरी नीट जाऊ दे.

ऋतुजा : परत दिल्याचा कागद आहे. सही... किंवा अंगठा. डावा.

जोतिराम : डावाच?

ऋतुजा : फॉर्मवर तसंच आहे, आबा.

जोतिराम : बजा, उचल बाई त्याला. मला न्हाय उचलत. शाई लागली का?

बजाबाई : लागली.

जोतिराम : गार लागतोय का गं त्यो?

बजाबाई : न्हाय. ऊन हाय.

जोतिराम : बरं. पोरी, गाडी कवा हाय तुजी?

ऋतुजा : पाच चाळीसला, जेऊरवरनं.

जोतिराम : मग आजून तासभर हाय. त्यो पाना ठिव खाली. तासात चार बोटं इनतो मी.

ऋतुजा : चार बोटांत घोंगडं पुरं नाही व्हायचं.

जोतिराम : पुरं कोन म्हनतंय? चार बोटं म्हनलं मी. सरक जरा, पाय खाली सोडू दे.

बजाबाई : ऋतुजा, मदलं दार लोटू नगं बाई. मी चुलीपाशी बसते. तितं मागाचा आवाज येतो.