साहेबांचा पंचवीस वर्षांचा नकाशा

मी मूळचा ओतूरकडचा, जातीनं माळी, पन जमीन म्हनाल तर तीन भावांत मिळून दोन वाफे, मंग भाजीच्या गाडीबरूबर माळशेज उतरून कल्यानला आलो तो आलोच, स्वराज्य मिळालं त्याच्या आदल्या साली, आन नगरपालिकेत बागंच्या कामावर लागलो. कुठल्या नगरपालिकेत ते लिवू नका, आजून चाकरी हाये माजी. बाग खातं म्हनायचं, पन काय सांगू तुमाला, त्या खात्याकडं बाग एकच, तळ्याच्या कडंला, आन कुंड्या मात्र मोप. वरीसभर आमी कुंड्याच वाहायचो. झेंडावंदन आलं, वाहा कुंड्या. मंत्री आले, वाहा कुंड्या. कोना मेंबराच्या पोरीचं लगीन निघालं तर मांडवाच्या दोनी अंगांनी कुंड्या, आन मागं आमी झारी घेऊन उभे. माजी बायको अनुसया, तीबी रोजंदारीवर पानी घालायला व्हती, ती म्हनायची, अवो, हे बागंचं खातं हाये का कुंभाराचं?

मंग देवधर साहेब आले, सुपरिटेंडंट म्हनून. उंच, बारीक, धोतर खोचून सायकलवर बसायचे, पुन्याला झाडांचंच शिकलेले. पहिल्या दिवशी आमाला समद्यांना समोर उभं केलं आन इचारलं, तुम्ही इथं शेवटचं झाड कधी लावलंत? कुंडी नाही, झाड. कोनालाच आठवंना.

दुसऱ्या दिवसापासनं साहेब सायकलवर आन मी मागं मागं पायी, म्हयनाभर आमी गावाची शीव फिरलो. पोरं कुठं खेळत्यात, दुपारी कुठं सावली हाये, समदं लिवून घ्यायचे. तवा फाळनी झालेली, सिंधकडची मानसं लष्कराच्या बराकींत भरलेली, आन रोज नवी बिऱ्हाडं उतरायची. साहेब म्हनले, कोंडाजी, ही माणसं आता इथलीच. पंचवीस वर्षांनी इथं नुसती घरं असतील, तेव्हा मोकळी जागा शोधून सापडायची नाही, ती आत्ताच राखून ठेवायची. आन त्यांनी मोठा नकाशा काढला, त्यात हिरव्या पेन्सिलीनं जागा रंगवल्या, हितं मैदान, हितं झाडी, हितं म्हाताऱ्यांना बसायला, आन विठ्ठलवाडीकडं एक मोठी जागा पोरांना खेळायला. मी म्हनलं, साहेब, पंचवीस वर्सांनी मी कशाला असतोय? ते हसले. म्हनले, मीही नसेन, म्हणून तर घाई आहे.

कुंड्या वाहायचं बंद केलं त्यांनी. लग्नाला माळी न्हाई मिळायचे, असं लिवून कळवलं. आन गावाच्या कडंचं गायरान पैलं धरलं. करंज, कडुनिंब, जांभूळ, दोन कोपऱ्यांला दोन वड. पैल्या साली शेळ्यांनी शेंडे खाल्ले, तवा बाभळीच्या काट्या तोडून आनल्या, एकेका रोपाला कुंपन केलं, आन चार उन्हाळे, चार बरं का, मी आन अनुसया हिरीवरनं पानी वाहत व्हतो. चौथ्या साली करंजाखाली सावली पडली. एका दुपारी एक कोळीन टोपली उशाला घेऊन तिथं झोपलेली, साहेबांनी लांबनंच बघितलं, सायकलीवरनं उतरले आन तिथंच थांबले, जवळ न्हाई गेले. म्हनले, घंटी वाजली तर जागी होईल ती.

आन मंग मंत्री यायचं ठरलं. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हनले, टेसनापासनं टाऊन हॉलपत्तूर कुंड्या पायजेत. साहेब म्हनले, माणसं झाडांच्या कामावर आहेत, भर उन्हाळा आहे. कमिटी हसली. अहो, झाडं काय पळून जातात का, मंत्री उद्या येतायत. झालं. साहेबांना जकातीच्या टेबलावर बसवलं, झाडांच्या मानसाला जकातीच्या पावत्यांवर सह्या करायला लावल्या, ते सा म्हयने तिथं बसले, मंग राजीनामा दिला आन ठाण्याला खोपटला भावाकडं गेले. कुंड्या परत आल्या.

गायरानावर वखार काढायचं ठरलं, नळाचे पाइप आन डांबराची पिंपं ठेवायला, आन झाडं तोडायचं काम माज्याकडं आलं. मी पागोटं हातात घेऊन अध्यक्षांकडं गेलो. बसा म्हनले, चांगलं बोलले. कोंडाजी, झाडं काय कुठंही लावता येतात, वखार जवळच लागते. मी म्हनलं, तोडायला दुसरा गडी लावा. तवा नवे सुपरिटेंडंट तिथंच उभे व्हते, ते म्हनले, लावतो की, मग तुझ्या बायकोची रोजंदारीही दुसऱ्या बाईला देतो.

मी तोडली. काय करनार? घरात चार तोंडं. अनुसया सवयीनं हंडा भरून घेऊन आली, आन बघितलं तर माज्या हातात कुऱ्हाड, तिनं हंडा तसाच खाली ठेवला आन त्याच्याशेजारी बसली. चार वर्सांचं काम, दोन दिवसांत संपलं.

पुढं दोन वर्सांनी आमी दोघं खोपटला साहेबांकडं गेलो. डोळे अधू झालेले त्यांचे, निम्मंच दिसत व्हतं. आवाजावरनं वळखलं मला. पैलं इचारलं ते झाडांचंच, करंज केवढे झाले? मी म्हननार व्हतो, घरापेक्षा उंच झालेत साहेब, ओठावर आलेलं, तवर अनुसया रडायलाच लागली. मंग मी सांगितलं. मीच तोडली, म्हनलं. आतनं च्या आला, साहेबांनी बशी चाचपून हातात घेतली, आन म्हनले, कोंडाजी, विठ्ठलवाडीकडची जागा अजून मोकळी आहे ना? मी म्हनलं, हाये. मग वरच्यांना सांगा, म्हनले, ती तरी आत्ताच राखून ठेवा, नंतर जमायचं नाही.

सांगतो साहेब, म्हनलं मी.

आता तुमीच सांगा, मी कुनाला सांगू? मी माळी. माजं कोन ऐकतंय? सनावाराला कुंड्या वाहतो, पाठ धरती. विठ्ठलवाडीकडं गेलो की बघतो, दर खेपेला त्या जागेवर कुनाच्या तरी कुंपनाची एक तार नवी ठोकलेली दिसती. देव साहेबांना सुखात ठेवो. त्यांना वाटत असंल, कोंडाजीनं सांगितलं असंल.