उद्याचं सांगू नकोस

नणंद : म्हणजे आज दिवसभर बाजारात शेअर ओतत होतं, ते तुझं ऑफिस होतं तर.

भावजय : माझं कसलं, वन्सं? पैसा परदेशातला, साहेब सातासमुद्रापार. तिकडे व्याज वाढलं, की इथलं विकून पैसा माघारी न्यायचा. मी आपली बटण दाबते.

नणंद : तू बटण दाबतेस, आणि इथले लहानमोठे सगळे तुमच्या मागे धावत सुटतात. परदेशी निघाले म्हणे, विका. चांगले चालते कारखाने, आणि भाव शिळ्या भाजीचा.

भावजय : तरी कोणीतरी घेत होतंच. मी विकायला टाकलं, की खाली ओंजळ तयार. म्हटलं, एवढं हट्टी माणूस आपल्याच घरात राहतं.

नणंद : ओंजळ माझी नाही गं. नर्स, बसचालक, शाळेतल्या बाई, त्यांच्या पगारातून म्हातारपणासाठी महिन्याला कापून आमच्या पेन्शन फंडात येतं ते. तो पैसा वीस वर्षं थांबेल. तुझ्या साहेबाला वीस मिनिटं दम नाही.

भावजय : आणि तुमच्या साहेबांना?

नणंद : त्याला तेवढाही नाही. म्हणाला, परदेशी जातायत तर आपणही हात आखडू. उद्या खरेदी केलीत, तर संध्याकाळी राजीनामा द्या. मी म्हटलं, यंत्रं तीच, कामगार तेच, भोंगा रोजच्या वेळी वाजतोय. पाहुणे उठले म्हणून घरच्यांनी घर सोडायचं का?

भावजय : वन्सं, एकदाच ऐका माझं. उद्या आमच्याकडून...

नणंद : उद्याचं सांगू नकोस.

भावजय : तुमची नोकरी जाईल हो. जीव तुटतो म्हणून सांगतेय.

नणंद : कळतं मला. पण तुमच्या ऑफिसातली आतली बातमी ऐकली, की ती चोरी झाली. मग मला खरेदीला हात लावता येणार नाही, आणि माझा साहेब बसल्या जागी जिंकेल. आपण एकमेकींची छत्री मागू, वाटीभर साखर मागू. उद्या मागायचा नाही.

भावजय : आणि भाव आणखी पडले तर?

नणंद : तर आणखी घेईन. विकणारी तू असलीस तरी घेईन. तुझं काम तू चोख कर, माझ्यासाठी मागेपुढे पाहू नकोस.

भावजय : आणि राजीनामा?

नणंद : आधी बाजार बंद होऊ दे. मग त्यानं मागावा, आणि का मागतोय ते लिहून द्यावं.

भावजय : (ओट्याकडे वळून) सकाळी डबे किती भरू? एक की दोन?

नणंद : दोन. आणि थांब माझ्यासाठी, एकाच बसनं जाऊ.