निवडलेला मका

हॅलो? … हो, मीच, ताई. कधीची वाट बघतेय तुझ्या फोनची! सख्खी बहीण जनावरांची डॉक्टर, आणि इथे माझ्या कोंबड्या माना टाकतायत. काल चार, आज सहा…

चिरून पाहिलीस? सकाळी पाठवली तीच ना? … लिव्हर पिवळं… बरं… बोट लावलं की तुटतंय. अगं, मग उकाडा आहे, दुसरं काय! … नाही? … खाद्य? खाद्याला काय धाड भरलीय?

बुरशीचं विष? … थांब, थांब, सावकाश सांग. मी काही तुझ्या कॉलेजात नव्हते. … लिव्हरमध्ये जातं… तिथे पेशींची जाळपोळ करतं… आणि ती आग विझवणारं अंगातलं सगळं सामान संपून जातं. म्हणजे आतून गंज चढतो म्हण ना! कोंबडी आहे की लोखंडी खाट?

अगं, हसत नाहीये मी. … हो, अंडी कमी झालीत. कवचही पातळ, नुसतं उचललं तरी फुटतंय. … लस लागू पडली नाही, तेही त्यानेच? एकट्या बुरशीवर किती आळ घेशील गं!

मका? … हो, थोडा भिजला होता. गोदामाचा पत्रा गळला. हे तर तेव्हाच टाकून द्यायला निघाले होते. … मी टाकू दिला नाही. टाकायचा कशाला? आठ पोती! गच्चीवर चादरी घातल्या, चार दिवस कडक ऊन दिलं, हिरवा दिसला तो दाणा न् दाणा फडक्याने पुसला. कंबर राहिली नाही माझी.

पुसून जात नाही? … उन्हानेही नाही? … भाजून? … शिजवूनसुद्धा नाही? मग ते विष आहे की आपली थोरली आत्या!

बरं बाई, ऐकतेय. … हे खाद्य आत्ताच्या आत्ता बंद. … पाण्यातून ई जीवनसत्त्व… आणि विष धरून ठेवणारी ती पावडर. हो, हो, लिहून घेतलं. … पण उरलेली पाच पोती कशी टाकू? अगं ऐक ना, इतका स्वच्छ दिसतो! त्यातला टपोरा दाणा तर कोंबड्यांना घालायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून तो वेगळा काढला, आणि दळून…

…

ताई, थांब. … गेल्या आठवड्यात तुझ्याकडे पिठाचा डबा पाठवला ना…

हो. त्यातलंच.

तुझ्या धाकट्याला? … रोज भाकरी?

टाक! … अगं टाक म्हणते ना! चाळायचं-बिळायचं नाही, डब्यासकट टाक! … हो, मी सांगतेय, मीच! … आधी त्याला दवाखान्यात ने, मग मला काय वाटेल ते बोल. … टाकते गं, इकडचाही टाकते, पाचही पोती, चादरीसुद्धा… अगं, त्याचं पोट दुखतंय का ते तरी… हॅलो? … हॅलो?