दोन पानं एकदम

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी बसल्या होत्या. आत्याच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यात नुकतेच थेंब घातलेले. शाळकरी भाची तिला जाडजूड कादंबरी वाचून दाखवत होती.

"वादळ शमलं. सकाळी सरदाराची लेक आणि सुताराची लेक किनाऱ्याला लागल्या."

"थांब. दोन पानं एकदम उलटलीस. आवाज जाड आला."

"चिकटली असतील."

"मग सोडव."

"काही विशेष नाही गं. नुसतं समुद्राचं वर्णन आहे."

"शिपाई मागावर आहेत, तोफा सुटतायत, दोघी एका घोंगडीत. आणि लेखिका समुद्राचं वर्णन करत बसली? मी काय दूधखुळी आहे?"

"आत्या, लोक ऐकतायत."

"मग जरा मोठ्याने वाच. त्यांचाही खोळंबा नको."

"सरदाराची लेक म्हणाली, तलवारीची भीती मला कधी वाटली नाही, तुझी वाटते. मग तिने... मग तिने सुताराच्या लेकीच्या ओल्या केसांवर ओठ टेकवले."

"हं. ती हिला शिडाची गाठ मारायला शिकवत होती, तेव्हाच मला वाटलं होतं. तुझा हात का गार पडलाय?"

"एसी आहे ना."

"बरं."

"आत्या, बाबांना सांगू नकोस."

"पुस्तकाचं?"

"हो. पुस्तकाचं."

"नाही सांगणार. बाकीचं तुला सांगावंसं वाटेल, त्या दिवशी मला बोलावून घे. मी तुझ्या शेजारी बसेन. माझा धाकटा भाऊ आहे तो, अजून मला घाबरतो. वाच पुढे."