पाठमोरा कॅचर

बेसबॉलच्या मैदानाबाहेर एकेकाळी चेंडू टाकणारा पिचर, म्हातारा लाइल, आपल्या विक्रमी सामन्याच्या फोटोवर सह्या देत होता. रांगेतल्या ऑरिनच्या कानावर मागच्या दोघांचं बोलणं येत होतं.

“लाइलच्या गळ्यात पडलेला हा पाठमोरा कोण रे?”

“असेल कुणीतरी कॅचर, चेंडू झेलणारा.”

“कुठला चेंडू टाकायचा, त्याच्या खुणा बोटांनी तोच करायचा ना?”

“खुणा काय, माझी सासूसुद्धा करेल! टाकायला मनगट लागतं.”

“ओ आजोबा, सरका की पुढे!”

फोटोतल्या त्या पाठीचा मालक ऑरिन टेबलापाशी सरकला. त्या दिवशी त्याची एकही खूण लाइलनं मान हलवून नाकारली नव्हती. त्यानं टेबलावर दोन वाकडी बोटं टेकवली. वळणाऱ्या चेंडूची जुनी खूण.

लाइलनं बोटांकडे पाहून मान हलवली.

“दोन नाही मिळणार हो. माणशी एकच सही.”