ब्रेक ऑइल बदलायचं का?

वडील गेल्यावर त्यांची गाडी विकायची म्हणून सर्व्हिसिंगला दिली होती. शेजारच्या खुर्च्यांवर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. सुपरवायझर कागद घेऊन त्यांच्याकडे आला.

"काका, ब्रेक ऑइल बदलावं लागेल."

"कशाला?" काकू म्हणाल्या. "वर्षभरात गाडी हॉस्पिटलशिवाय कुठे गेली नाही."

"काकू, हे किलोमीटरवर नसतं. गाडी उभी असली तरी ऑइल ओल धरतं. दोन वर्षांनी बदलायचंच."

"उभ्या गाडीला ब्रेक कशाला लागतो? हे बसल्या जागी लुबाडणं झालं."

"लुबाडत नाहीये तो. बदल रे, बाळा," काका म्हणाले.

"मागच्या वेळी तुम्हीच भांडून नको म्हणालात!"

"मागच्या वेळी मी चालवत होतो."

"यापुढेही तुम्हीच चालवणार आहात."

"डॉक्टरांनी सहाच महिने सांगितलेत. तुझ्यासमोरच सांगितलेत."

"त्यांना काय कळतंय!"

"उतारावर तू ब्रेकवर पाय ठेवूनच येतेस. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यानं सांगितलं मला."

"चुगलखोर मेला."

"ओल धरलेलं ऑइल तसं तापलं ना, की ऐन वेळी ब्रेक लागत नाही. तेव्हा शेजारी मी नसेन, हँडब्रेक ओढायला."

काकूंनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"बदला," त्या म्हणाल्या.

"बरं, काकू. पुढच्या सर्व्हिसिंगची आठवण करायला काकांच्याच नंबरवर फोन करू ना?"

"नको, हिचा लिहून घे."

"यांचाच राहू द्या. वाजला की मी उचलीन."